परतीच्या गाडीतली ‘कोसला’

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर, वर्धा, अकोला करत भुसावळ-जळगावला येते, मनमाडला दक्षिणेकडे वळते, नगर-दौंडमार्गे पुण्यात शिरते आणि पुढे कोल्हापूरला जाते. भालचंद्र नेमाडे यांचे सांगवी हे गाव जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातले, या लोहमार्गापासून फारसे लांब नसलेले. त्यांच्या ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर शिकायला जातो ते पुणेही याच मार्गावर. कादंबरीची दोन्ही टोके अशी एकाच गाडीच्या वाटेवर आली आहेत. गोंदियाचा विद्यार्थी मात्र त्या गाडीत पांडुरंगच्या बराच आधी चढलेला असतो. पांडुरंगचा प्रवास जिथे सुरू होतो तिथे याची निम्मी वाट सरलेली असते, आणि डब्यातली भाषा एकदोनदा बदलूनही झालेली असते.

पुढची पाने या विद्यार्थ्यासाठी आहेत. ‘कोसला’ अभ्यासक्रमाला लागते, गाइडमधून पाठ होते आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरली जाते. गाइड बाजूला ठेवून ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची असे ज्याने किंवा जिने ठरवले आहे, त्यांना सोबत म्हणून हा मजकूर. कादंबरीबद्दल गेल्या साठ वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. बहुतेक पुण्या-मुंबईच्या बाजूने, थोडे खानदेशाच्या बाजूने. धानपट्ट्यातून ती कशी दिसते हे सांगायचे राहूनच गेले आहे.

आधी पुस्तकाची ओळख. ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. फर्ग्युसनमधून बी.ए., डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, मग मुंबई, असे त्यांचे शिक्षण चालले होते, आणि शहरात पाय रोवले गेले नव्हते. गावी परतून अवघ्या काही आठवड्यांत त्यांनी ही कादंबरी लिहून काढली. प्रकाशक रा. ज. देशमुखांनी एका अनोळखी पोराच्या बाडावर पैसे लावले, हे मराठी प्रकाशन व्यवसायातले धाडसच म्हणायचे. पुढे नेमाड्यांनी ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ लिहिल्या, ‘टीकास्वयंवर’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये ‘हिंदू’ आली आणि २०१४ साठीचा ज्ञानपीठही मिळाला. तरी नेमाडे म्हटले की लोकांना आधी आठवते ती पंचविशीत लिहिलेली ही पहिली कादंबरीच.

कथा सांगायची तर चार ओळींत संपते. खात्यापित्या शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा पुण्याला कॉलेजात जातो. वसतिगृहात राहतो, चर्चामंडळ, संमेलन, मेस असल्या भानगडी अंगावर घेतो, वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो. मध्येच धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. तो गावी परत येतो आणि बसून राहतो. संपले.

एवढ्याशा गोष्टीत अवघड काय, असे कोणी विचारील. अवघड हेच, की कुठल्याच प्रसंगातून पुढचा प्रसंग निघत नाही. फडके-खांडेकरांच्या वाचकाला गाठ बसते, आवळते आणि सुटते अशी सवय होती. ‘ययाति’ १९५९ ची, म्हणजे ‘कोसला’च्या फक्त चार वर्षे आधीची. झाडीपट्टीतल्या वाचकाची सवय तर त्याहून पक्की. दिवाळी उलटली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात, मांडवात रात्रभर नाटक चालते, आणि पहाटेपर्यंत जागलेल्या प्रेक्षकाला शेवटी खलनायकाचा निकाल लागलेला हवा असतो. ‘कोसला’त खलनायक नाही आणि निकालही लागत नाही. पांडुरंग बोलत राहतो. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द तो इतके वापरतो की पहिल्या तीस पानांत वाचक वैतागतो. मध्येच रोजनिशीच्या नोंदी येतात, मध्येच बखरीचा थाट येतो. गंभीर गोष्ट तो थट्टेत सांगतो आणि थट्टेची गंभीर चेहऱ्याने, त्यामुळे नक्की कुठे हसायचे हेही कळत नाही.

या बोलण्याची तऱ्हा ओळखीची वाटायला हवी, निदान ज्या वाचकाने घरची बोली सोडून प्रमाण मराठीत पहिले भाषण केले असेल त्याला. असा मुलगा शब्दाशब्दाला अडखळतो, वाक्य पूर्ण करण्याऐवजी ‘वगैरे’ म्हणून सुटका करून घेतो, कोणी हसायच्या आत स्वतःच स्वतःला हसून घेतो. पांडुरंग नेमके हेच करतो आणि आयुष्यभर करतो.

गावाकडचा तरुण शहरी शिक्षणाने उपटला जातो, तिकडे रुजत नाही आणि इकडेही परका होतो, हा विषय त्या काळात एकट्या मराठीचा नव्हता. चिनुआ अचेबेची ‘नो लाँगर ॲट ईझ’ १९६० मध्ये आली. तिच्यातला ओबी इंग्लंडहून शिकून लागोसला परततो, सरकारी नोकरीत लागतो आणि लाच घेताना सापडतो. सेनेगलच्या शेख हमिदू कान यांची फ्रेंच कादंबरी १९६१ ची. तिचा नायक सांबा दियालो कुराणाच्या पाठशाळेतून पॅरिसच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात जातो, घरी परततो आणि एका वेड्याच्या हातून मारला जातो. सुदानच्या तय्यब सालिह यांची ‘सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ’ १९६६ ची. तिच्यातही लंडनहून आलेला मुस्तफा सईद नाईलकाठच्या एका खेड्यात लपून राहतो आणि पुराच्या दिवसांत नाहीसा होतो. सात वर्षांत या तीन कादंबऱ्या आल्या आणि तिन्हींमध्ये घरी परतणे जिवावर किंवा अब्रूवर बेतते.

पांडुरंगवर काही बेतत नाही. तो परततो आणि जेवतो.

हा फरक बारीकसारीक नाही. अचेबे, कान, सालिह यांच्या तरुणांपुढे दुसरी संस्कृती म्हणजे राज्य करणारा परका देश होता. पांडुरंगपुढची दुसरी संस्कृती त्याच राज्यात, त्याच भाषेत, एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पुण्यात त्याला कोणी गुलाम केलेले नाही. फक्त तिथे काय बोलावे, कशाला हसावे, कोणते पुस्तक वाचले असे सांगावे, याचे नियम आधीच ठरलेले आहेत आणि ते ठरवताना त्याच्या गावाला कोणी विचारले नव्हते. परक्याशी भांडता येते. इथे भांडायलाही समोर कोणी नाही. म्हणून कादंबरीतून घटना गळतात आणि उरते ते बोलणे.

मराठीतच १९६३ मध्ये आणखी एक पुस्तक आले, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’. शीर्षककथेतला शिकलेला दलित तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवून खोली मिळवतो आणि उघडकीला आल्यावर मार खातो. ‘कोसला’ वाचताना ही कथा शेजारी ठेवायलाच हवी. गोंदियात तर नक्कीच. १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या भंडारा मतदारसंघातून उभे होते आणि हरले, तो हा मुलूख. इथल्या बौद्ध घरातला वाचक पांडुरंगकडे पाहताना पहिला प्रश्न विचारील तो पैशाचा आणि जमिनीचा: नापास होऊन घरी बसायची सोय याला कोणी दिली? बागुलांच्या तरुणाला मागे फिरायला तसे घर नाही. नेमाड्यांनी आपली कादंबरी शंभरातल्या नव्व्याण्णवांना अर्पण केली आहे. त्या नव्व्याण्णवांत किती जणांच्या घरी बसून खाण्याइतके धान होते, ही चौकशी ‘कोसला’च्या चाहत्यांनी क्वचितच केली.

आता जिल्ह्याकडे. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून वेगळा होऊन. त्याही मागे गेले तर १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. मग चार वर्षे द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १९६० पासून महाराष्ट्र. ‘कोसला’ छापली गेली तेव्हा गोंदियाला महाराष्ट्रात येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुणे हे आपले सांस्कृतिक माहेर आहे, ही गोष्ट इथल्या माणसाला तोवर कोणी सांगितलेली नव्हती. शिकायचे तर नागपूर. तिथले विद्यापीठ १९२३ चे. गावातच कॉलेज असावे म्हणून मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. हे पटेल गुजराती घरातले, विडी-तंबाखूच्या व्यापारातले. गोंदियाच्या शिक्षणाचा इतिहासही असा सरळ मराठी नाही.

भाषेचे तर विचारूच नये. बालाघाट हाकेच्या अंतरावर, पण मध्य प्रदेशात. पूर्वेला सालेकसा-देवरी ओलांडली की छत्तीसगड. पोवार घरांत पोवारी, अर्जुनी मोरगाव-सडक अर्जुनीकडे झाडीबोली, डोंगराळ भागात गोंडी, राइसमिलच्या गेटवर आणि बाजारात हिंदी, शाळेत मराठी, कॉलेजात प्रवेश घेतला की इंग्रजी. सव्वातेरा लाखांच्या या जिल्ह्यात दोन संस्कृतींत अडकलेला तरुण शोधायला गेले तर आधी दोनच संस्कृती असलेला तरुण सापडायचा नाही. सांगवीत पांडुरंगची बोली खानदेशी वळणाची असली तरी शाळा, बाजार आणि कचेरी मराठीतच होती. सालेकशाच्या मुलाला पुस्तकी मराठी हीच पहिली परकी भाषा असते. पुणे फार नंतर येते.

यातून एक फायदाही होतो, आणि तो घ्यावा. घरात हिंदी बोलणाऱ्या गोंदियाच्या वाचकासाठी भगवानदास वर्मांनी केलेला ‘कोसला’चा हिंदी अनुवाद उपलब्ध आहे. तो मूळ पुस्तकाशेजारी उघडा ठेवून वाचायला लाजू नये. इंग्रजीत सुधाकर मराठ्यांचा ‘ककून’ आहे, तो जरा पुढच्या मुक्कामासाठी.

वडिलांच्या पैशांवर पुण्यात राहणारा पांडुरंग आणि आश्रमशाळेतून वसतिगृहात, वसतिगृहातून ‘स्वयम्’ किंवा ‘स्वाधार’ या सरकारी योजनांच्या भत्त्यावर शहरात टिकून राहणारा आजचा विद्यार्थी यांच्यात अंतर आहे, ते झाकायचे कारण नाही. पांडुरंगला वडिलांचा राग येतो तो त्यांच्या पैशाचा हिशेब मागण्यामुळे. इथल्या अनेक घरांत मुलाने वर्षभर काय केले हे विचारण्याइतकी माहितीच वडिलांकडे नसते. ते रोवणीच्या मजुरीत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात असतात. मुलगा नापास झाला तर भत्ता थांबतो आणि प्रकरण तिथेच मिटते. चारचार वर्षे वाया घालवणे ही चैन आहे, आणि ‘कोसला’ ही त्या चैनीचीही कादंबरी आहे. असे म्हटल्याने तिची उंची कमी होत नाही. उलट वसतिगृहाची पाने, जी जरा जास्तच लांबली आहेत, या नजरेने वाचली तर बोचरी होतात.

मनीचा मृत्यू मात्र कोणत्याही घरातल्या वाचकाला सारखाच लागतो. तिथे पांडुरंगची थट्टा पहिल्यांदा तुटते. त्यानंतर अजिंठ्याची पाने येतात. बुद्ध, लेणी, आणि बहिणीचे दुःख घेऊन त्यांच्यातून फिरणारा हा मुलगा. मराठी कादंबरीत इतकी अवघड आणि इतकी खरी पाने थोडी आहेत. गोंदियाच्या वाचकाला त्यांच्याजवळ जायला स्वतःची वाट आहे. सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळ कचारगडची गुहा आहे. पारी कुपार लिंगोने कोंडलेल्या गोंड पूर्वजांना इथून मुक्त केले, अशी गोंड समाजाची श्रद्धा. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून गोंड लोक येतात, आणि त्यांत कॉलेजची पोरे पुष्कळ असतात. त्यांच्या पाठ्यपुस्तकात लिंगोचे नाव आलेले नसते. पांडुरंग अजिंठ्याहून जे घेऊन उतरतो त्याने त्याचे घराशी नाते जुळत नाही. कचारगड चढणारी पोरे कदाचित घराकडेच जात असतात. हा फरक खरा की वरवरचा, हे त्या दोन्ही ठिकाणी जाऊन आलेल्यांनी सांगावे.

जिल्ह्यात असेही तरुण आहेत ज्यांच्यासाठी परतणे हा शब्द पांडुरंगच्या अर्थाने वापरताच येत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ मध्ये वसली. महाराष्ट्रातली ती अशी एकमेव वसाहत. शेजारच्या गावांसारखीच तिथेही धानाची शेती होते. हिवाळा आला की घरातली माणसे स्वेटर विकायला शहरे गाठतात. तिथे जन्मलेल्या पिढीने तिबेट पाहिलेला नाही. बाहेरच्या शाळा-कॉलेजांत मराठी-हिंदी, घरात तिबेटी, आणि मोठे होऊन जायचे ते दिल्ली, बंगळूर किंवा थेट परदेश. घर असे ज्याला म्हणायचे ते आईवडिलांच्या, आता आजीआजोबांच्या, बोलण्यात राहते.

या पिढीची मोठी कादंबरी मराठीत अजून आलेली नाही. इंग्रजीत मात्र तेन्झिन त्सुंदुए यांनी हे लिहिले आहे. मनाली-धरमशाळेकडे वाढलेल्या या तिबेटी कवीने मुंबई विद्यापीठात एम.ए. करताना वर्गमित्रांकडून पैसे उसने घेऊन पहिला कवितासंग्रह छापला. ‘माय काइंड ऑफ एक्झाइल’ या त्यांच्या निबंधाला २००१ चा आउटलुक-पिकाडोर पुरस्कार मिळाला. निबंध छोटा आहे, इंग्रजी सोपे आहे. ‘कोसला’च्या शेवटच्या भागाआधी तो वाचला तर पांडुरंगच्या कंटाळ्याकडे पाहायची नजर बदलते. काहींना पांडुरंगचा राग येईल. येऊ द्यावा.

मुलींनी ही कादंबरी कशी वाचावी, हा प्रश्न आजवरच्या लेखनात जवळजवळ कोणी घेतलेला नाही. आई, बहिणी, मनी यांच्यापलीकडे ‘कोसला’त बाई फारशी नाही, पुण्यातल्या मुली दुरून दिसतात, बोलत नाहीत. तिरोड्याची किंवा आमगावची मुलगी नागपूरला शिकायला गेली आणि नापास होऊन घरी आली, तर तिला पांडुरंगसारखे ओट्यावर बसून राहता येत नाही. महिन्याभरात पाहुणे यायला लागतात. म्हणजे ‘कोसला’चा उत्तरार्ध तिच्या बाबतीत लिहिलाच गेला नसता. नेमाड्यांवर हा आरोप नव्हे, त्यांनी एका मुलाची गोष्ट लिहिली. पण ही उणीव वाचताना ध्यानात ठेवली नाही तर पांडुरंगची उदासी साऱ्या तरुणाईची म्हणून मान्य करून बसायची वेळ येते. याला उतारा हवा असेल तर कविता महाजनांची २००५ ची ‘ब्र’ वाचावी. आदिवासी भागातल्या सरपंच बायांमध्ये काम करताना तिच्या नायिकेला वेगळ्याच संस्कृती भेटतात, आणि बसून राहायला तिला सवड नसते.

गोंदियातून दूरच्या राजधानीकडे जाणारा पहिला तरुण कोण, याचे एक गमतीदार उत्तर देता येते. आठव्या शतकातला नाटककार भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे आजचे पदमपूर, असे मानले जाते. तो कनौजच्या यशोवर्म्याच्या दरबारी गेला. आपल्या काळच्या लोकांना आपले लेखन कळत नाही, ही त्याची तक्रार प्रसिद्धच आहे. तो पदमपूरला परतला की नाही, याची नोंद कुठे सापडत नाही.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल थोडे, मग मुख्य मजकुराकडे वळू. कादंबरीचे सहा भाग आहेत. पहिला, बालपणाचा, सावकाश वाचावा. पुण्याचे भाग जोरात वाचले तरी चालतात. नावांची यादी करत बसू नये, पांडुरंगचा मित्र सुरेश बापट सोडला तर बाकीची मंडळी गर्दीसारखीच वाचायची आहेत. मनीच्या मृत्यूनंतर पुस्तक एकदोन दिवस मिटून ठेवले तर हरकत नाही. शेवटचे दोन भाग, गावी परतल्याचे, बहुतेक वाचक घाईने संपवतात आणि समीक्षकांनीही तेच केले आहे. या पुस्तिकेत त्या दोन भागांना निम्म्याहून अधिक जागा दिली आहे. पुण्यातल्या पांडुरंगबद्दल नवे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. सांगवीत परतलेल्या पांडुरंगबद्दल बांध्या, बोड्या आणि मामा तलावांच्या या मुलखातल्या वाचकाला बरेच सांगता येईल, कारण सुट्टीत किंवा कायमचे परतलेले असे पांडुरंग इथे प्रत्येक गावात आहेत. पहिले प्रकरण मात्र सांगवीच्या घरापासूनच सुरू होते: जमीन किती, माणसे किती, घरात कोणाचा शब्द चालतो आणि पोराला पुण्याला पाठवायचे कोणी ठरवले.